बिनसहीचे कागद

जयनगर चौथा ब्लॉक, बेंगळूर
सोमवार, ५ जानेवारी

प्रिय श्रीरंग,

तुझं नाव कागदावर लिहून सव्वीस वर्षं झाली. आता लिहिताना पहिल्याच अक्षराची वेलांटी अशी काही गेली की तू समोर असतास तर पुन्हा लिहायला लावलं असतंस. तू पुण्याचा, आमच्या बेंगळूरच्या मराठीला हसायचा परवाना तुला जन्मतःच मिळालेला. शिकायला म्हणून इथे आलास, आमच्या माडीवरची खोली भाड्याने घेतलीस, आणि त्याच दिवशी आईने "स्वल्प थांब, कॉफी करते" म्हटल्यावर तू जिन्यात हसू दाबत उभा राहिलास. पुढे दोन वर्षांनी तूच खाली येऊन "आई, स्वल्प ताक आहे का" म्हणून विचारायला लागलास, तेव्हा आम्ही कोणी हसलो नाही. आमची सभ्यता तेवढी.

ती खोली अजून आहे. मी तिथे बसून मुलींचे पेपर तपासते. तू खिळा ठोकून दोरी बांधली होतीस त्या खिळ्याला आता माझी छत्री असते. अण्णा जाऊन नऊ वर्षं झाली. आई एकोणऐंशीची आहे, गुडघे धरले आहेत, पण जीभ शाबूत आहे. गेल्या वर्षी आमच्या रस्त्याला पाइपचा गॅस आला आणि आईने त्यावर स्वयंपाक करायला साफ नकार दिला. विजेची शेगडी मागवून घेतली. मीटर बघायला आलेल्या माणसाला म्हणाली, "त्यांचा ग्यास आपल्याला नको. आपला पोर आणून दे." तो बिचारा "सरी अम्मा" म्हणून निघून गेला. पाइपातला गॅस कुठकुठून येऊन एकत्र होतो, त्यातला कुठला कोणाचा ते कोणालाच सांगता येत नाही, हे मी तिला समजावून पाहिलं. तिला ते पटलेलं नाही. मी मात्र पहाटे ती उठायच्या आत त्याच गॅसवर माझी कॉफी करून घेते, आणि भांडं विसळून जागेवर ठेवते.

मल्हारचं तुला मी काय सांगायचं. परराष्ट्र खात्यात तुझ्याच टेबलावर माझ्या भावाची फाइल आहे. तरी फाइलमध्ये नसेल ते सांगते. तू शिकवलेल्या गणितावर तो इंजिनियर झाला, हे तो स्वतःच्या लग्नात बायकोच्या, विद्याश्रीच्या, माहेरच्यांनाही सांगत होता. त्या देशात (नाव लिहीत नाही, आईसमोर घ्यायचं नाही म्हणून सवयच गेली आहे) गॅसच्या कारखान्यात सुरक्षिततेचं काम बघायला लागला. एका जोडातून गॅस झिरपतोय, तो भाग बंद करा, असा अहवाल चौघांनी मिळून तयार केला. तिघांनी सही केली नाही. चौथा आमचा. पुढे तिथे स्फोट होऊन दोन कामगार गेले, त्यांच्या घरच्यांनी विचारलं तेव्हा मल्हारने तो अहवाल त्यांना दाखवला, आणि गुप्त माहिती बाहेर दिली म्हणून तो आत गेला. याला चौदा महिने झाले. खटला उभा राहिलेला नाही. तो सुटून घरी यावा, याशिवाय मला सध्या जगात काही नको आहे.

तुझ्यावर राग आहे असं समजू नकोस. निदान सगळा राग तुझ्यावर नाही. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, आणि गेली बावीस वर्षं ज्या धड्याच्या नोट्स मी डोळे मिटून सांगत आले तो धडा हाच आहे. देशाला अखंड इंधन लागतं, ते ज्यांच्या जमिनीखाली आहे त्यांच्याशी मैत्री ठेवावी लागते, मैत्री ठेवायची तर काही गोष्टींवर बोलायचं नसतं. खतांचे कारखाने त्यावर चालतात, चुली त्यावर पेटतात, आमच्या रिक्षासुद्धा. लांबच्या एका युद्धामुळे गॅस महागला तेव्हा यशवंतपूरच्या मागच्या भट्ट्या बंद पडल्या आणि विद्याश्रीचा भाऊ चार महिने घरी बसला. हे सगळं खरं आहे आणि मला ते समजतं. गेल्या जूनमध्ये तोच धडा फळ्यावर लिहिताना माझा हात थांबला. रक्षिता नावाची एक मुलगी आहे, पहिल्या बाकावरची. तिने काळजीने विचारलं, "मिस, हे परीक्षेला येतं ना?" मी म्हटलं, येतं, पाच मार्कांना. आणि पुढचं वाक्य लिहिलं.

आता कागदांचं बोलते. दिल्लीला तुझं प्रशिक्षण चालू होतं तेव्हा तूच मला मोठ्या कौतुकाने कळवलं होतंस की तुमच्या खात्यात एक बिनसहीचा कागद असतो. वर सरकारचं नाव नाही, खाली सही नाही, तारीख नाही. हातातून हातात द्यायचा. दोन्ही बाजूंनी वाचायचा, आणि वेळ आलीच तर असा कागद कधी नव्हताच म्हणून दोघांनीही हात झटकायचे. तुला त्याची इतकी मौज वाटली की आपली पत्रंही तशीच व्हायला लागली. अण्णांना घरात येणारं सगळं टपाल फोडायची सवय, म्हणून पाकीट मल्हारच्या नावाने यायचं, त्यात त्याच्या गणितांची उत्तरं असायची, आणि मध्ये तीन घड्या घालून एक कोपरा आत दुमडलेला तुझा कागद. मल्हार सतरा वर्षांचा होता. त्याने एकही कागद उघडून पाहिला नाही. अण्णांना कधी सांगितलं नाही. माझ्या उशीखाली ठेवून द्यायचा आणि जेवताना माझ्याकडे बघायचासुद्धा नाही.

म्हणून गेल्या फेब्रुवारीत दिल्लीचं एक साधं पाकीट आलं आणि आत तीन घड्यांचा, कोपरा दुमडलेला कागद निघाला, तेव्हा तो कोणी पाठवला हे मला शोधावं लागलं नाही. टाइप केलेल्या चार ओळी होत्या. बाहेर कोणाशी बोलू नका. वर्तमानपत्रांकडे जाऊ नका. करार होईपर्यंत थांबा. त्यांच्याकडच्या माफीच्या यादीत नाव घालायचा प्रयत्न चालू आहे. एवढ्या शुद्ध मराठीत धमकी कोणी देत नाही, तेव्हा तूच. खरं सांगू, त्यात इतकी वाईट बातमी असूनही मी तो कागद नाकाला लावून पाहिला. एक्कावन्नाव्या वर्षी. नुसता कागदाचाच वास आला.

विद्याश्रीकडे तेव्हा एक टीव्हीवाले यायचे ठरले होते. मी मारतहळ्ळीला तिच्या घरी जाऊन तिला थांबवलं. कोणाच्या सांगण्यावरून, हे तिने विचारलं. मी म्हटलं, माझ्यावर विश्वास असेल तर विचारू नकोस. ती म्हणाली, "आयतु अक्का, ठीक आहे, तुम्ही म्हणता तर गप्प बसते." ती गप्प बसली, आई गप्प बसली, मी तर गप्प बसण्यात मुरलेलीच आहे. दसऱ्याच्या आधी करार झाला. वीस वर्षं गॅस मिळणार. पेपरात फोटो आला, त्यात दुसऱ्या रांगेत उजवीकडून तिसरा तू होतास. केस पांढरे झाले आहेत आणि चष्मा नाकावर तसाच खाली घसरतोय. तो फोटो मी कापून ठेवला. करारासाठी नाही.

मग दिवाळीत त्यांची माफीची यादी आली. एकशे चाळीस नावं होती. विद्याश्रीने ती चारदा वाचली, मी सहादा. तुमच्या खात्याला विचारलं तर उत्तर आलं की हा विषय योग्य त्या पातळीवर मांडण्यात आला आहे. मांडला म्हणजे काय ते मला कळतं. बोलायच्या मुद्द्यांचा कागद असेल, त्यात बाराव्या-तेराव्या क्रमांकावर मल्हारचं नाव असेल, सातव्या मुद्द्याला चहा आला असेल आणि उरलेले मुद्दे लेखी दिले म्हणून नोंद झाली असेल. तू वाईट माणूस आहेस म्हणून असं झालं नाही. पण तू तिथे होतास.

मल्हारला पंधरा दिवसांनी एकदा दहा मिनिटं फोन करू देतात. गेल्या हिवाळ्यात पहिल्याच फोनवर त्याने विचारलं होतं की बाजारात अवरेकाळू आले का. तुला आठवत असेल, त्या पावट्याच्या शेंगांच्या वासाने घर भरून जायचं आणि तू नाक मुरडून माडीवर जायचास, मग आई सोललेल्या दाण्यांची आमटी करायची तेव्हा सगळ्यांत जास्त तूच जेवायचास. तेव्हापासून प्रत्येक फोनवर तो काहीतरी विचारतो. चौथ्या ब्लॉकमधलं जुनं दुकान चालू आहे का, मारतहळ्ळीचा पूल अजून तसाच तुंबतो का. गेल्या मंगळवारी फोन आला. शेंगांचे दिवस आहेत, आईने दोन किलो सोलून ठेवले होते, तिने स्वतःच सांगितलं त्याला. तो "हं" म्हणाला. मग काहीच विचारलं नाही. सात मिनिटं उरली होती, ती तशीच गेली. फोन ठेवल्यावर आईने ते दाणे शेजारी नेऊन दिले आणि देवघरासमोर न बसता दारात जाऊन बसली.

आणखी एक कागद आहे. तो माझ्याकडे सव्वीस वर्षं आहे. "मार्चात माझी पहिली नेमणूक, परदेशात, एकट्याने जायचं की दोघांनी ते तू सांग," असं त्यात तू लिहिलं होतंस. खाली सही नव्हती. मी हट्टाला पेटले. म्हटलं, बाकी सगळं चालेल, पण एवढी एक गोष्ट तरी हा नावानिशी विचारेल, अण्णांसमोर येऊन बसेल. उद्या मागे फिरायचं झालं तर असं काही विचारलंच नव्हतं म्हणेल, असंही मनात आलं. म्हणून दुसऱ्या पत्राची वाट बघत राहिले. ते आलं नाही. खूप वर्षांनी तुझी बहीण श्वेता पुण्याला एका लग्नात भेटली आणि बोलता बोलता म्हणाली, दादाने तीन महिने तुझ्या उत्तराची वाट पाहिली, मग नकार समजला. मी जेवणाचं ताट तसंच ठेवून बाहेर आले. तुला फक्त सवय होती रे सही न करायची. आणि मला सवय होती गप्प बसायची. तेव्हा त्यात नुकसान आपलं दोघांचंच झालं. या वेळी मल्हारचं झालं.

पुढच्या सोमवारी, बारा तारखेला, त्या देशाचे मंत्री बेंगळूरला येत आहेत, यशवंतपूरच्या पुढे तुमकूर रस्त्यावरच्या ऊर्जेच्या मेळ्याला. त्यांच्यासोबत तू येणार हे पेपरात वाचलं. मुख्य फाटकापाशी सकाळी नऊपासून आम्ही तिघी असू, आई घडीच्या खुर्चीवर, विद्याश्री आणि मी उभ्या, हातात मल्हारचा फोटो आणि त्याने सही केलेल्या अहवालाचं पान. विद्याश्री पेपरवाल्यांनाही बोलावते आहे. पोलीस उठवतील तर दुसरीकडे उभ्या राहू. हे तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहिते आहे. श्वेताकडून तुझ्या घरचा पत्ता घेतला. दोन्ही कागद सोबत परत पाठवते. गेल्या वर्षीचा मी कोणालाही दाखवला नाही, तो तुझ्याकडेच असू दे. इतके दिवस गप्प का होतात म्हणून कोणी विचारलं तर चूक माझी होती असं सांगेन. जुन्या कागदाच्या खाली मात्र मी आज उत्तर लिहिलं आहे, तारीख घातली आहे आणि सही केली आहे. एकच शब्द आहे. त्याचं आता तू काही करायचं नाहीस, तुझी बायको, मुलं सुखात राहू देत, पण नकार नव्हता एवढं तुला माहीत असावं. सोमवारी तुला थांबता येणार नाही, ओळखही दाखवता येणार नाही, तेही मी समजून घेईन. तू येणार हे मी आईला सांगितलेलं नाही. पण तू काच खाली केलीस तर ती तुला ओळखेल, आणि तुझ्याबरोबरच्या त्या मंत्र्यांना ती खुर्चीवरची म्हातारी कोण ते तुला सांगावं लागेल. मल्हारचं तेवढं नाव त्यांच्यासमोर तुझ्या तोंडून एकदा निघू दे. मागच्या फाटकाने आत जाऊ नकोस.

तुझीच,
संध्या श्रीधरराव