वंदनाची वाळू

२ नोव्हेंबर, रविवार

आज पुन्हा तेच! सासूबाई पाहुण्यांना सांगत होत्या — "ही वंदनाची माशांची टाकी. लई हौसेनं मांडली होती तिनं." वंदना म्हणजे यांची पहिली बायको. तिला जाऊन चार वर्षं झाली. मला या घरात येऊन दिवाळीला वर्ष झालं, तरी टाकी तिचीच.

जालन्यात समुद्र! प्यायच्या पाण्याची इथे बोंब, आणि आमच्याकडे जारच्या पाण्यात मीठ कालवून मासे आणि जिवंत पोवळी पाळायची. तेही चालेल. पण तळाची ती पांढरी वाळू माझ्या डोळ्यांत खुपते. हे कंपनीतून आले की बूट काढायच्या आधी टाकीपाशी. बारीक काडीने वाळू सारखी करत बसतात. इतक्या हळुवार हाताने माझ्या केसांतला गुंता कधी सोडवला का?

५ नोव्हेंबर

शोधून काढलं! पुष्कळ लोक वाळू ठेवतच नाहीत. नुसता काचेचा तळ. वाळूत माशांची घाण साचते, पाणी बिघडतं, पोवळी कोमेजतात. उघड्या तळावरची घाण नळीने ओढून घेता येते. अगदी शास्त्रशुद्ध कारण! जळते आहे, असं कोण म्हणेल? जळतेच आहे.

टेंभुर्णीला आईला फोन केला. "मेलेल्या बाईचा काय राग करून राह्यलीस? जित्या माणसाकडं बघ." जित्या सवतीशी भांडता तरी येतं. हिच्याशी कशी भांडू?

६ नोव्हेंबर

यांना म्हणाले, वाळू काढू या. हातातली काडी बाजूला ठेवली. मग, "काढू." एवढंच! मला वाटलं होतं, चिडतील.

९ नोव्हेंबर, रविवार

मासेवाल्या शाहबाजला बोलावलं — टाकीचं सामान तोच देतो. "भाभी, एकदम नका काढू. खालची घाण वर आली तर मासे मरतील. थोडी थोडी काढा, जल्दी न्हाई."

टाकीतला एक पिवळा मासा वाळूत शिरून झोपतो. वाळू गेली की त्याला थारा नाही. शाहबाज त्याला पिशवीत घालून घेऊन गेला. सासूबाईंनी तोंड फिरवलं. मलाही माशाचं वाईट वाटलं. पण थांबले नाही.

१६ नोव्हेंबर

अर्धा तळ मोकळा. बादलीत आलेली वाळू काळपट, कुजकट वासाची. मनात म्हटलं, बघ गं तुझी हौस!

३० नोव्हेंबर, रविवार

संपली! शेवटची वाळू मीच नळीने ओढली. तळ लख्ख. हे बघत उभे राहिले, आणि एकदम माझा हात धरला. सासूबाईंच्या देखत! इतका घट्ट कधीच धरला नव्हता. जिंकले! जेवताना एक भाकरी जास्तच खाल्ली.

१ डिसेंबर

सकाळी चहा पिताना हे आपणहून बोलले. "वाळू माझी हौस होती. वंदना दवाखान्यातून पण म्हणायची, काढा ती वाळू, पोवळी मरून राह्यलीत. मी ऐकलं न्हाई. तू म्हणालीस तेव्हा वाटलं, तीच बोलून राह्यली."

मग काल यांनी हात कोणाचा धरला?