रामकुंडावरची नामावळी

शारजा,
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. सौ. कुंदाताईस,

शि. सा. नमस्कार. आम्ही सर्व इथे खुशाल आहोत, तुम्हीही असाल अशी आशा आहे. पाकिटावरचं अक्षर ओळखून तू ते न उघडता ठेवून देशील अशी भीती आहे. पण तू हाडाची शिक्षिका. हाती आलेला कागद न वाचता बाजूला ठेवणं तुला जमायचं नाही, या भरवशावर लिहितोय. पत्ता मामेबहीण समिधाने दिला. तिला रागावू नकोस, मीच तिचा पिच्छा पुरवला.

पत्राचं कारण निव्वळ अभ्यासाचं आहे.

आमच्या ईशानीला सध्या घराण्याचा शोध घ्यायचं वेड लागलंय. सव्वीस वर्षांची झाली ती, दुबईत नोकरी करते. तिथल्या ऊद मेथा भागात एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर कुटुंब-इतिहास केंद्र आहे. नाव भारदस्त, पण प्रत्यक्षात दोन खोल्या, पाच कॉम्प्युटर आणि खजुराचा एक डबा. शनिवारी सकाळी उघडतं. जगभरातल्या जुन्या दप्तरांची छायाचित्रं तिथे फुकट बघायला मिळतात: चर्चमधल्या बारशांची रजिस्टरं, बोटींवरच्या उतारूंच्या याद्या, काय वाट्टेल ते. त्यातलं बरंचसं घरच्या कॉम्प्युटरवर उघडत नाही, केंद्रातच जाऊन बसावं लागतं. मी म्हटलं, आपण ना चर्चवाले ना बोटवाले, आपलं तिथे काय असणार? "बाबा, इट्स फ्री. जस्ट कम!" म्हणून ती मला ओढून घेऊन गेली. शारजाहून तिथे पोचायला शनिवारीसुद्धा सव्वा तास लागला.

केंद्र सांभाळणाऱ्या हमीदाबाई मूळ श्रीवर्धनच्या. पूर्वी इथल्याच एका शाळेत लायब्ररियन होत्या. नाव, गाव लिहून घेतलं आणि सरळ विचारलं, "वडील वारले तेव्हा अस्थी कुठे नेल्या?"

मी दचकलोच. म्हटलं, नाशिकला, रामकुंडावर.

"मग टेन्शन काय! तिथल्या भटजींच्या वह्यांचे फोटो आहेत ना आपल्याकडे. यल्ला, चला, बसा."

ताई, खरंच आहेत! आपल्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीच्या वह्या. जो कोणी विधीला येतो त्याने आपल्या हाताने लिहायचं: वडील कोण, आजे कोण, भाऊ-बहिणी किती, मुलंबाळं कोण, आणि खाली 'स्वहस्ते' म्हणून सही. पानामागून पान सरकवत गेलो आणि तासाभराने पणजोबा सापडले. १९११ साल, अकरा ओळी, सगळ्या मोडीत. समासात मागाहून कोणीतरी बाळबोधीत आपलं आडनाव आणि साल टाकलं होतं, त्यावरून ओळखले. मी आणि ईशानी दोघंही त्या अकरा ओळींकडे बघत बसलो. नाव कळेना, गाव कळेना, पण पणजोबांचा हात या कागदावरून फिरला होता हे कळत होतं.

त्या पानांचे फोटो काढायला तिथे मनाई आहे. पण मी तीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे. वाचता येत नसलं तरी काढता येतंच. ०.३ च्या पेनाने अकराही ओळी रेघ न् रेघ उतरवून घेतल्या. सोबत जोडल्या आहेत. तू निवृत्तीनंतर मोडी शिकलीस असं समिधाने सांगितलं. सवडीने वाचून कळवलंस तर उपकार होतील.

आणखी पानं बघायची होती, पण त्या दिवशी जरा लवकरच निघालो. येताना ईशानी गाडीत गप्प होती. दमली असावी.

श्री. वासुदेवरावांना नमस्कार. विभावरीनेही तुम्हा दोघांना नमस्कार सांगितला आहे.

कळावे,
शैलेंद्र


शारजा,
रविवार, २ मार्च २०२५

ती. ताईस,

सा. न. तुझं पत्र ऑफिसच्या पोस्टबॉक्समध्ये आलं आणि मी ते पार्किंगमध्ये, गाडी चालू ठेवून वाचलं. माझ्या नकलेवर तीन ठिकाणी लाल पेनाने गोल करून 'नीट बघून काढ' असं लिहिलंयस! पंचावन्न वर्षांच्या माणसाला. पण काल केंद्रात जाऊन पुन्हा पाहिलं आणि तिन्ही ठिकाणी माझंच चुकलं होतं. रमजान सुरू झाल्यामुळे केंद्र आता दहा ते एकच उघडं असतं. त्यातला अर्धा तास माझ्या चुका सुधारण्यात गेला.

तू लावलेलं वाचन मी मोठ्याने वाचून दाखवलं. पणजोबांचे वडील, आजे, दोन भाऊ. आणि मग ती नववी ओळ: 'भगिनी चिमा, आमचे घरीं असते.' ईशानीने मला तिथेच थांबवलं.

"शी लिव्ड विथ हर ब्रदर? अँड ही रोट हर नेम?"

आता तिला दुसरं काही सुचत नाही. चिमा कोण? विधवा होती की टाकलेली? किती वर्षांची? भावाबरोबर नाशिकला आली होती की घरीच होती? आपल्या घरात हे नाव कधी कोणाच्या तोंडी आलेलं तुला आठवतं का? मला तर नाही. नववी ओळ शेजारी ठेवून, अक्षरांच्या वळणावरून ईशानीने आख्खी वही पालथी घातली, पण चिमा पुन्हा कुठेच नाही. शंभरावर वर्षांनी तिची एवढी एकच ओळ उरलीय आणि तीही मी काय आहे ते न कळताच उतरवली होती. हमीदाबाई म्हणाल्या, "देखा? त्याने लिहिलं म्हणून आज तुम्ही तिला शोधताय. नसतं लिहिलं तर खलास."

बाबांचं पानही सापडलं. १९७४ चं, आजोबांच्या वेळचं. तेच अक्षर, भिंतीला टेकल्यासारखं डावीकडे कललेलं. 'मुलगी कुंदा, वय ६. मुलगा शैलेंद्र, वय ४.' तू तेव्हा सात वर्षांची होतीस ना? माझं वय मात्र बरोबर आहे. तू आता म्हणशील, लाडका म्हणून. ईशानीला त्या पानावर बाबांनी पाडलेला शाईचा डागसुद्धा दाखवला.

तू शेवटी विचारलंयस की बाबांच्या वेळी मी गेलो तेव्हा मी काय लिहिलं. अगं, ती नोंद धड सापडत नाही. आणि हल्ली तसं सविस्तर लिहीतही नाहीत. गर्दी असते, उपाध्ये बहिणी वगैरे विचारत बसत नाहीत. मी बाबांचं आणि आजोबांचं नाव टाकून सही केली असेल.

मोडीची आणखी दोन पानं पाठवतोय. या वेळी भिंग घेऊन बसलो होतो, लाल पेनाला काम मिळणार नाही.

वासुदेवरावांचा गुडघा आता कसा आहे? ऑपरेशन झाल्याचं समिधाकडून कळलं.

तुझा,
शैलेंद्र


शारजा,
रविवार, २० एप्रिल २०२५

ताई,

तुझं उत्तर मिळालं. 'उपाध्ये विचारतात. सासूबाईंच्या वेळी आम्हांला विचारलं होतं. तुझं पान पाठव.' मोडीच्या पानांबद्दल एक अक्षर नाही.

पान पाठवतोय. काल केंद्रात बसून ते उतरवलं, पणजोबांचं उतरवलं तसंच, रेघ न् रेघ. स्वतःच्या अक्षराची नक्कल करायला पणजोबांच्या मोडीपेक्षा जास्त वेळ लागला. या नकलेत चूक एकही नाही.

सहाव्या ओळीत लिहिलंय: 'बहीण नाही.'

ताई, ही नोंद मला पहिल्याच शनिवारी सापडली होती. पणजोबांचं पान उतरवून झाल्यावर ईशानी पुढे सरकवत राहिली. मी म्हटलं, पुरे आता, निघू या. "वेट, बाबा, धिस इज युवर हँडरायटिंग!" आणि तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. शाळेत शिकलेल्या हिंदीच्या जोरावर ती मराठी हळूहळू वाचते. "ब-ही-ण ना-ही." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बट कुंदाआत्या?" तुझा फोटो तिने आमच्या अल्बममध्ये पाहिलाय. ती गाडीत दमून गप्प नव्हती. तिने मला विचारलं होतं आणि मी उत्तर दिलं नव्हतं.

आता तुला देतो.

तुझं लग्न बाबांना पटलं नाही आणि त्यांनी तेवीस वर्षं तुझं नाव काढलं नाही. तो त्यांचा हट्ट. पण ते गेल्याचं तुला कळवलं नाही, तो हट्ट त्यांचा नव्हे. ते मी केलं. तरी तुला कोणीतरी सांगितलं आणि तू नाशिकला आलीस. रामकुंडाच्या पायऱ्यांवर तू उभी होतीस, हिरव्या सुती साडीत, आणि दाजी तुझ्या मागे छत्री धरून उभे होते. तुझ्या हातात थर्मास होता. मी विमानातून उतरून थेट आलोय हे तुला माहीत असणार, तो चहा माझ्यासाठी होता. तुला आजवर वाटत असेल की मी तुला पाहिलं नाही. मी पाहिलं, ताई. वीसेक पावलांवर होतीस. उपाध्यांनी विचारलं, "बहिणी?" आणि मी तुझ्याकडे पाहून मान खाली घातली आणि लिहिलं.

काका मागे उभे होते, त्यांच्या धाकाने लिहिलं, असं मी बारा वर्षं स्वतःला सांगत आलोय. ते खरं नाही. काकांना त्या वहीतलं काही दिसतही नव्हतं. बाबांची सेवा मी लांबून, चेक पाठवून केली होती. निदान त्या दिवशी तरी त्यांचं एकुलतं एक मूल मी असावं, एवढंच मला वाटलं. आणि तू थर्मास घेऊन उभी होतीस. मला लाज वाटली आणि लाज वाटली म्हणून तुझाच राग आला. असा माणूस आहे मी.

चिमाची ओळ मी न वाचता उतरवली आणि तुझ्याकडे पाठवली. तू ती वाचत होतीस तेव्हा मला काय लिहिलंय ते ठाऊक नव्हतं. तुला मात्र तेव्हाच सगळं कळलं असणार, नाहीतर तू तो प्रश्न विचारला नसतास.

काल हमीदाबाईंना हे सगळं सांगितलं. मला वाटलं, समजूत घालतील. त्या चष्मा पुसत म्हणाल्या, "कागदाची काही गलती नाही. तुमच्या हाताची आहे. वह्यांचे मालक अजून बसतात का तिथे? मग फोन लावा ना."

लावला. उपाध्यांचे चिरंजीव आता गादीवर आहेत. म्हणाले, लिहिलेलं खोडता येत नाही, फाडता तर नाहीच. पण पुन्हा या, नवी नोंद करा, मागची तशीच राहील. मी विचारलं, बहिणीला स्वतः लिहिता येईल का? म्हणाले, "का नाही? हात त्यांचा, नाव त्यांचं."

मी १४ जूनला, शनिवारी, सकाळी नऊला रामकुंडावर असेन. ईशानी येतेय, तिला तिचं नाव स्वतः लिहायचंय. ती रोज रात्री मराठी अक्षरं गिरवतेय आणि तिच्या 'ई'ला तुझं लाल पेन लागणार आहे. तू ये असं म्हणायचा मला हक्क नाही, म्हणून म्हणत नाही. फक्त मी काय करणार आहे ते कळवतो. बाबांचं नाव लिहीन, आजोबांचं, पणजोबांचं. पुढच्या ओळीत 'भगिनी चिमा' लिहीन. आणि मग 'बहीण' एवढंच लिहून पेन खाली ठेवीन. तुझं नाव मी लिहिणार नाही. तो हक्क मी त्या दिवशी गमावला. तू आलीस तर ते तुझ्या हाताने पडेल. नाही आलीस तर ती जागा तशीच राहील आणि पुढे कधी कोणी ते पान उघडलं तर त्याला दिसेल की इथे कोणीतरी होतं आणि भावाने वाट पाहिली.

चहा मी आणीन.

दाजींना नमस्कार. गुडघ्याला जपायला सांग, पायऱ्या फार आहेत.

स्वहस्ते,
तुझा भाऊ
शैलू