दाट पेरलेली तूर आणि विरळ पेरलेली

लंबासा, फिजी, मंगळवार

तीर्थस्वरूप जगरूप भावजींना बिसुनदेवचा रामराम. तुमचा गुडघा, ताईचा खोकला आणि तिकडे राकीराकीचा पाऊस कसा आहे ते कळवावं. आम्ही खुशाल, माझं डोकं तेवढं ठिकाणावर नाही.

तुम्ही बोटीने तुरीचं बियाणं पाठवलंत, सोबत हुकूम: ओळीत वीतभर अंतरावर पेर, शेत भरलेलं दिसलं पाहिजे. (ऊसवाल्याला रिकामी जमीन दिसली की पोटात दुखतं, मलाही दुखतं.) वरचा तुकडा तसाच पेरला. खालच्या, तेवढ्याच तुकड्यात दाणे दोन-दोन वितींवर टाकले. शेजारचा अपिसाई दालोचे कंद असे लांब लांब लावतो, त्याचाच हा सल्ला, असं मी लोकांना सांगितलं.

वरची तूर अशी उंच झाली की रस्त्यावरची माणसं थांबून बघायची. खालची बघून अपिसाई म्हणाला, "काका, ही पेरलीय की सांडलीय?" दोन महिने मी त्या बाजूला फिरकलो नाही. मग वरच्या झाडांनी एकमेकांचं ऊन खाल्लं, बुडाची पानं पिवळी पडून गळली, शेंगा धरल्या त्या शेंड्याला. आणि वाऱ्यात ती दहा वाट्या यंगोना पिऊन झिंगल्यासारखी एकमेकांच्या खांद्यावर रेलली. खालची झाडं मात्र छत्रीसारखी पसरली, शेंगांनी वाकली. म्हटलं, जिंकलो. (कोणाविरुद्ध, ते विचारू नका.) मळणी केली: वर नऊ पोती, खालीही नऊच!

शेतकी अधिकारी आले आणि खूश झाले. "निम्म्या बियाण्यात तेवढंच पीक! हे सुचलं कसं तुम्हाला?" मी यंगोनाची वाटी पुढे केली. शनिवारी ते सगळ्या गावाला माझ्या बांधावर आणणार आहेत. अंतराचं गणित मी नीट समजावलं, तर पुढच्या हंगामाचं बियाणं माझ्याकडून घेणार. नाही तर दुसऱ्याकडून. अपिसाई म्हणतो, "पाव बियाण्यात किती पोती, तेही सांगा काका. आणि अजिबात न पेरता?" सगळे हसले. मला मात्र तो प्रश्न खरंच पडलाय.

ताईला नमस्कार.

तुमचा गोंधळलेला,
बिसुनदेव

ता. क.: शुक्रवारच्या बोटीने याच. दोन्ही अंतरं तुम्हीच ठरवून दिली होती, असं शनिवारी चारचौघांत सांगा. हार तुमच्याच गळ्यात.

आणखी ता. क.: हार पडण्याआधी खरं कळलेलं बरं. विरळ पेरणी मी ठरवली नव्हती, अपिसाईनेही नाही. पेरणीच्या आठवड्यात ताई इथे होती. कोपऱ्यातलं पोतं घरखर्चाचं समजून तिने रोज पातेलंभर तूर शिजवली. खालच्या तुकड्याशी पोचलो तेव्हा मला पोत्याचा तळ दिसला. रागावू नका. परतताना तिने तुमच्यासाठी डाळपुऱ्या आणल्या होत्या ना? तुम्ही चार मागून घेतल्यात, असं तिचंच पत्र आहे माझ्याकडे.