एकाच बाकावरची दोन उत्तरं

९ ऑगस्ट, रविवार

तीर्थरूप बाबांना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. आईचा गुडघा बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. मी ठीक आहे. बाहेर पडताना अजूनही कुलूप ओढओढून पाहते, म्हणून घरमालकीण मला ‘कुलूपवाल्या बाई’ म्हणते.

शाळेतली गंमत सांगते. मंगळवारी मुख्याध्यापिका माझा तास पाहायला मागे येऊन बसल्या. मला कायम करायचं की नाही, ते त्यावरच ठरणार होतं. भूमिती श्रेढी चालू होती. मी गणित घातलं : पहिलं पद तीन, तिसरं बारा, तर पहिल्या पाच पदांची बेरीज किती?

खिडकीजवळच्या बाकावर दोघी मैत्रिणी बसतात, एक बडबडी, एक मुखदुर्बळ. बडबडीचं उत्तर आलं त्र्याण्णव, दुसरीचं तेहतीस. बडबडी तिच्या वहीत डोकावून म्हणाली, “अगं, दर वेळी दुप्पट होतंय. तीन, सहा, बारा. तू मध्येच उणे सहा कुठून आणलंस?”

“तीनला उणे दोनने गुणून. उणे सहाला उणे दोनने गुणलं तरी बाराच येतात. करून बघ.”

बडबडीने करून पाहिलं आणि ती गप्प झाली. तिला गप्प झालेलं कोणी पाहिलंच नव्हतं, त्यामुळे वर्गभर हशा. मग दोघींनी मिळून दोन्ही उत्तरं फळ्यावर मांडली. मी नुसती बाजूला उभी.

उत्तरसूचीत मात्र एकटं त्र्याण्णवच होतं. मला राहवेना. तास संपल्यावर मुख्याध्यापिकांना तसं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, “सूची मीच केलीय. आता दुरुस्त करावी लागणार.”

शुक्रवारी त्यांनी मला कायम केलं. वर्ष संपलं की घरी परतून धाकटीचा अभ्यास मी घ्यायचा, असं आपलं ठरलं होतं. तरी मी तुम्हाला न विचारता हो म्हणाले.

बाबा, उणे दोन मला तुम्हीच दाखवलंत. माझं उत्तर आलं की दुरुस्तीला आलेलं घड्याळ तसंच उघडं ठेवून, डोळ्यावरचं भिंगही न काढता तुम्ही विचारायचात, “दुसरं कुठंय?” त्यामुळे माझं सहसा चुकलं नाही. पण माझ्याशी भांडायला शेजारी कोणी नव्हतं. ही तक्रार नाही. शेजारी कोणी नव्हतं हे वाक्य खोडून पुन्हा लिहिलंय, कारण ते खरं आहे.

धाकटीला इथे पाठवाल का? नव्या वर्षी नववीत जागा आहे. माझ्या खोलीत दुसरी खाट मावते, मोजून पाहिलंय. ती निघाली की दुकानातल्या मागच्या टेबलाशी तुम्ही एकटे उराल, हे मला कळतं. तुमची शेवटची विद्यार्थिनी मागतेय मी. म्हणून तर आधी कुलपाच्या आणि फळ्याच्या गोष्टी सांगत बसले.

नाही म्हणालात तर रागावणार नाही. फक्त आधी तिला विचारा, आणि तिचं बोलून होईपर्यंत मध्ये काही बोलू नका.

तुमची पहिली विद्यार्थिनी,
थोरली