दुमडीची चार बोटं

मंगळवार, २० मे. निमगाव केतकी

आज अंगात त्राण म्हणून उरलं नाही. बारामतीला नातीचं, पियूचं, सलाईन संपेपर्यंत दुपार टळली. रक्ताचा कॅन्सर आठ वर्षांच्या पोरीला, आणि थकलो मी! ती दवाखान्यातून निघाली ती थेट शिंप्याकडं, शाळेचा फ्रॉक शिवायला. जूनमध्ये शाळेत जायचंय म्हणे. डॉक्टर नुसतं "बघू" म्हणाले होते. तो सूर कानातून जात नाही. पंपाचं बेअरिंग गेलेलं आवाजावरून ओळखतो मी, एवढं कळतंच.

शिंप्याला म्हणालो, "अंगाबरोबर शिवा." हे मी म्हणालो? घरातल्या प्रत्येक पोराच्या कपड्याला आतून दुमड ठेवून घेणारा मी?

पियू डोक्यावरची टोपी सावरत म्हणाली, "आबा, दुमड ठिवायला सांगा की. मी वाढल्यावर काय करायचं?"

शिंपी हसला. "पोरगी हुशार हाय. तुमच्यावरच गेलीया, आबा."

"चार बोटं ठेवा," मी शिंप्याला म्हणालो.

दुमड मी का नको म्हणालो, ते तिला कळलं असेल का? गाडीनं परतताना वाटेत सणसर आल्यावर तिनं विचारलं, "चार बोटं किती वर्सं पुरत्यात?"

"दोन तरी."

"मग कमीच झाली. फोन लावा त्यास्नी."

गाडी बाजूला घेऊन लावला. मी बोलायच्या आत तिनंच फोन घेतला नि म्हणाली, "काका, सहा बोटं ठिवा."