दर चौरस फुटामागे

सोमवार, ६ मे

झाला एकदाचा साहेब! माझ्या मागून पाच वर्षांनी आला आणि माझ्याच डोक्यावर बसला. कारण काय, तर म्हणे “माणसं छान सांभाळतो.” आम्ही काय इतकी वर्षं खुर्च्या सांभाळत होतो? सगळ्यांना चहा पाजला. मी घेतला नाही.

बुधवार, ८ मे

विद्वानांनी (हेच नाव शोभतं त्याला!) नव्या बॉयलरच्या सेफ्टी व्हॉल्व्हचा हिशेब स्वतः केलाय. गिऱ्हाइकाला सगळं पौंडात आणि फुटात हवं. कागद टेबलावर उघडाच होता. तो जेवायला गेला तेव्हा पाहिला.

काय दिवे लावलेत! प्रश्न एवढाच — व्हॉल्व्हच्या तोंडातून दर चौरस मीटरमागे तासाला इतके किलो वाफ जाते; तर दर चौरस फुटामागे किती पौंड? या शहाण्याने किलोचे पौंड केले आणि चौरस मीटरला हातच लावला नाही. खाली बिनदिक्कत लिहिलं, ‘दर चौरस फूट’. म्हणजे जाते त्याच्या जवळजवळ अकरा पट वाफ जाईल असं धरलं आणि व्हॉल्व्हचं तोंड ठेवलं अकराव्या हिश्श्याचं! कॉलेजच्या पहिल्या वर्षाला ही चूक केली असती तर सरांनी वर्गाबाहेर काढलं असतं.

कागद होता तसा ठेवला. महिनाअखेरीस चाचणी आहे, बडे साहेब आणि गिऱ्हाईक समोर. वाफ कोंडून दाबाचा काटा चढत जाईल, भट्टी बंद करावी लागेल आणि विद्वान उभे राहतील तोंड पाडून. जिरू दे चांगली!

गुरुवार, ९ मे

आज स्वतःच आला टेबलापाशी. “ताई, एकदा नजर टाका ना. ही एककं बदलायची म्हटली की माझं हमखास काहीतरी चुकतं.”

म्हटलं, “मला वेळ नाही. आणि साहेबांचं कसं चुकेल?”

“बरं, मीच परत बघतो,” म्हणाला. परत बघणार म्हणे! तीच चूक दुसऱ्यांदा करेल, आणखी सुवाच्य अक्षरात.

रात्री जेवताना यांना सांगितलं. मला वाटलं, हसतील. तर हे म्हणतात, “अगं, वाफ आहे ती! कुणाला भाजलं म्हणजे?”

“काटा लाल रेघेपाशी गेला की भट्टी बंद करतात.”

“मग वाफ लगेच थांबते का?”

मी म्हटलं, आमटी घ्या. फार प्रश्न विचारतात.

मंगळवार, २१ मे

व्हॉल्व्ह बसला. एवढुसं तोंड! एवढ्या अजस्र बॉयलरवर ते बघून मला हसू आवरेना. बाकी कुणाला काही वाटलं नाही. कसं वाटेल? साहेबांचा हिशेब!

क्षणभर मनात आलं, सांगून टाकावं. तेवढ्यात विद्वानांनी सगळ्यांसमोर बॉयलरवर थाप मारली, “काय देखणा झालाय!” मग नाही सांगितलं.

शुक्रवार, २४ मे

उद्या चाचणी. विद्वान स्वतः बॉयलरपाशी उभे राहणार. “फिटर लोकांनी लांब थांबायचं, नवा माल आहे,” म्हणाला. मिरवायची कोण हौस! मी मात्र खिडकीशी जागा धरणार. ही मजा चुकवायची नाही.

शनिवार, २५ मे

भट्टी बंद केली तरी काटा चढतच राहिला. वरचा जोड सुटला. तो तिथेच होता. दोन्ही हात, मान, अर्धा चेहरा.

स्ट्रेचरवरून बड्या साहेबांना सांगत होता, “हिशेब माझाच. ताईंना दाखवायला गेलो होतो, त्यांना वेळ नव्हता. त्यांनी पाहिला असता तर असं होऊच दिलं नसतं.”

बडे साहेब माझ्याकडे वळले. “खरंय?”

मी हो म्हटलं.