कडुलिंबापासून उजवीकडे

१२ नोव्हेंबर २००२, देवास

हे आज पुन्हा वाट चुकले. वाचनालय ते घर, तीन वळणांची वाट! शेवटी पोहे-जलेबीवाल्याने गाडीवर बसवून आणून सोडलं. "बाबूजी घूमने निकले थे," एवढंच म्हणाला आणि चहाला न थांबता गेला. माझीही लाज राखली, ह्यांचीही.

संध्याकाळी प्रणवचा पीथमपूरहून फोन. आई, आता बस. अजून एकदा बाबा हरवले तर फाटकाला कुलूप लाव. मुलगा आहे, काळजीने बोलतो. पण जन्मभर शाळेत भूमिती शिकवलेला माणूस रोज सकाळी आपल्या पायांनी जाऊन पेपर वाचतो, एवढंच आता त्याचं स्वतःचं उरलंय. ते कुलपात घालू?

१४ नोव्हेंबर

मामंजींचा कॅमेरा कपाटातून काढला. इंदूरच्या पेपरात असताना पुरवणीचे फोटो मी ह्यानेच काढायची. छातीशी धरायचा आणि वरून काचेत बघायचं. त्या काचेत डावं उजवीकडे दिसतं, उजवं डावीकडे. सुरुवातीला गोंधळायची. आता मला तेच सरळ वाटतं.

वाटेवरच्या प्रत्येक वळणाचा फोटो ह्यांच्या खिशात ठेवायचा, असं डोक्यात आहे. येताना जसं दिसतं तसा. चिठ्ठी लिहून पाहिली, ती वाचूनही लागत नाही. चित्र अजून लागतं.

लोक म्हणतात, देवासात माणूस हरवत नाही, मान वर केली की टेकडी दिसते. ह्यांना ती आता चहूकडे दिसते.

१५ नोव्हेंबर

सकाळच्या तिरप्या उन्हात एक रोल संपवला. वाचनालयाची पायरी, दवाखान्याचा बोर्ड, मग कडुलिंब. तिथून उजवीकडे वळलं की आमची गल्ली.

शेजारच्या चारुलताबाई आडव्या आल्या. "वहिनी, निदान साडी तरी बदलून येऊ द्या!" म्हटलं, तुम्ही नकोय, तुमच्यामागचा बोर्ड हवाय. तरी हलल्या नाहीत. बरंच झालं. ह्यांना दवाखान्याआधी त्याच ओळखू येतील.

१९ नोव्हेंबर

फत्तेसिंगने प्रिंट दिले. हे मोठे रोल धुऊन हाताने प्रिंट काढणारा गावात तेवढा एक स्टुडिओ उरलाय. तो आहे म्हणून हा कॅमेरा आहे. प्रत्येक फोटोवर वळायच्या गल्लीत मी लाल पेनने बाण काढला. ह्यांनी फोटो पत्त्यांसारखे पलंगावर मांडले, पुन्हा मांडले. म्हणाले, "हा आपला रस्ता." फार दिवसांनी इतकं ठाम बोलले.

२० नोव्हेंबर

नीट आले! पण दवाखान्यापासून चारुलताबाई भाजी घेऊन सोबत होत्या, म्हणजे परीक्षा खरी नव्हे. तरी शिरा केला.

२२ नोव्हेंबर

हरवले. दुपारी मीठा तालाबाच्या काठी सापडले. दमलेले, रागावलेले, हातात कडुलिंबाचा फोटो. "बाण आहे तिकडेच वळलो मी!"

फोटो बघितला. मला काही वावगं दिसेना. मग झाडाखाली जाऊन उभी राहिले, फोटो समोर धरला. फोटो उलटा! प्रिंट काढताना निगेटिव्ह पालथी बसली होती. बाकीच्या फोटोंत बोर्ड आहेत, तिथे अक्षरांनी सांगितलं असतं. झाडावर काय लिहिलेलं असणार? फोटोत आमची गल्ली डावीकडे गेली होती आणि मी तिथेच निवांत बाण काढला होता. फोटो काढताना काचेतही ती डावीकडेच दिसली होती, आणि मला तेच सरळ वाटतं.

म्हणजे हे चुकलेच नव्हते. मी दाखवलं तसे गेले.

फत्तेसिंगने कान धरले. "भाभीजी, पेड को क्या पता, दायाँ कौन सा और बायाँ कौन सा." हातातली कामं बाजूला ठेवून लगेच नवा प्रिंट काढला, पंख्याखाली वाळवून दिला.

प्रणवला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे बाबा सही होते?" कुलपाचं काढलं नाही. "ठीक है, अजून एक आठवडा बघू."

३० नोव्हेंबर

आठवडा पार पडला. रोज एकटे गेले, एकटे आले. एकटे म्हणजे तसे एकटेच. पोहेवाला कढईवरून मान वर करतो. कंपाउंडर नेमका त्याच वेळी दाराशी येतो. चारुलताबाईंचं कपडे वाळत घालणं तासभर चालतं. कुणी हाक मारत नाही, हात धरत नाही, फक्त बघत राहतात. ह्या सगळ्यांचे आभार कुठल्या पुरवणीत मानायचे?

प्रणवचा फोन आला. कुलपाचं नाव नाही. म्हणाला, "आई, चालू दे."

२ डिसेंबर

आज कॅमेरा घेऊन कडुलिंबाखाली उभी होते. वाचनालयातून हे आले. फोटो खिशातच. माझ्यापाशी थांबले, अदबीने नमस्कार केला.

"छान आहे कॅमेरा. आमच्या हिच्याकडेही असाच आहे. फार सुंदर फोटो काढते ती. मी कधी बोललो नाही तिला."

मी काचेवरचं झाकण मिटलं.

"घर जवळच आहे. चहा घेऊन जा. तिला बरं वाटेल."

उजवीकडे वळले, जराही न अडखळता. मी मागोमाग. फाटक उघडून धरलं माझ्यासाठी, आणि आत हाक मारली— "अगं, पाहुण्या आल्यात."